फिंतासच्या घरातला वेग

कुवेतच्या राई भागात मोटारींच्या सीटकव्हरचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर जुने आवाज नव्या साठवणीत उतरवून देण्याचं आमचं काम चालतं. कॅसेट, स्पूलची टेप, तबकडी, काहीही आणावं. चार दिवसांनी तो आवाज पेनड्राइव्हवर मिळतो. हे वरचं दुकान थॉमसचं. तो कोट्टयमचा, वयाने माझ्याहून लहान आणि मशिनं उघडण्यात माझ्याहून फार पुढे. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडलं, दुसऱ्याचं लिहिलेलं तपासण्याची सवय तेवढी उरली. ती इथे कामाला आली. ऐकायचं, कागदाशी ताडून बघायचं, चूक दिसेल तिथे खूण करायची. काम फारसं बदललेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की तबकडी लावली, बटण दाबलं, झालं. प्रत्यक्षात निम्मा वेळ धुण्यात जातो. कुवेतची धूळ पिठासारखी बारीक असते आणि खाचांत जाऊन बसते. ती शुद्ध पाण्याने, मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेनेच काढावी लागते. मग तबकडी वाळवायची, सुई तपासायची, आणि सगळ्यांत आधी वेग बघायचा. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरते. वेग कमी झाला की गाणं रेंगाळतं आणि स्वर उतरतो. वाढला की गाणं पळतं आणि स्वर चढतो. आमच्या टेबलाचा वेग रोज सकाळी तपासला जातो. प्रत्येक कामाच्या कागदावर पहिला रकाना वेगाचाच असतो आणि त्यात 'बरोबर' हा शब्द लिहिल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. हा नियम माझा. थॉमस त्याला 'साब का नमाज' म्हणतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांना लग्नाच्या टेपमधून मेव्हण्याचा आवाज काढून टाकून हवा होता. दोघांत पुढे बिनसलं होतं. टेप ऐकली तर मंगलाष्टकं मेव्हण्यानेच म्हटलेली. थॉमसने त्यांना समजावलं, "साब, इसको निकालेंगे तो शादी ही नहीं होगी." गृहस्थ म्हणाले, "मग राहू द्या." एका परिचारिकेची कॅसेट माझ्या हातून मशिनमध्ये गुंडाळली गेली. टेप पुन्हा जोडली, पण त्यातले चाळीस सेकंद परत आले नाहीत. तिने पैसे पूर्ण दिले. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता ज्या कामासाठी हे लिहायला घेतलं, ते.

मेघना एका पुनर्वसन विभागात वाचोपचारतज्ज्ञ आहे. ज्यांचं बोलणं आजारात गेलं त्यांना ते परत शिकवणं हे तिचं काम. माहेर लातूरचं, कुवेतमध्ये आठ-नऊ वर्षं झाली तरी घाईत असली की लातूर बाहेर येतं. एका दुपारी ती कापडी पिशवीत तीन तबकड्या घेऊन आली.

"काका, ह्या रेकॉर्डी लगेच करून द्या. एक पेशंट अडकलाय माझा."

पेशंटना घरीदारी अबू खालिद म्हणत, म्हणजे खालिदचे वडील. वय सत्तरीच्या आसपास, तेल कंपनीतले निवृत्त अभियंता, घर फिंतासला. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पण पाणी हवं असो की पंखा, तोंडातून 'को' एवढंच एक अक्षर यायचं, आणि तेच आलेलं पाहून ते स्वतःच चिडायचे.

मेघनाने सांगितलं ते असं. बोलण्याची जागा मेंदूत बहुधा डावीकडे असते. गाण्याचं काम उजवी बाजूही करते. त्यामुळे ज्याला एक शब्द बोलता येत नाही, तो माणूस पाठ असलेलं गाणं पुष्कळदा शब्दांसकट गातो. मग त्याचा चांगला हात धरून, अक्षरागणिक ठोका देत, आधी गुणगुणायचं, मग बरोबर गायचं, मग आपण हळूच थांबायचं आणि त्याला एकट्याला पुढे जाऊ द्यायचं. गाण्यातून वाक्य आणि वाक्यातून बोलणं, अशी ती वाट आहे. सगळ्यांना साधते असं नाही.

"पण गाणं त्यांच्या मुरलेलं पायजे," ती म्हणाली. "त्यांची बायको म्हणते, जन्मभर ह्याच तीन रेकॉर्डी ऐकल्या. शुक्रवारी नाष्ट्याला बसले की ह्याच. पहिली फोनवर मिळाली, ती मी लावली. तोंड फिरवून बसले. मला वाटतं नव्याने घासूनपुसून टाकलेली आहे, म्हणून ओळख लागत नसेल. जुनीच द्या."

"घाई का?"

"महिनाअखेरीला रिपोर्ट आहे. फरक नाही असं लिहावं लागलं की सेशन्स बंद. मग घरी एक बाई ठेवतील, ती जेवू घालेल, कपडे बदलेल. बोलण्याचं कोण बघतंय?"

तबकड्या एका अमेरिकन कंट्री बँडच्या होत्या, त्याच्या पहिल्या तीन. हा बँड पुढे फार मोठा झाला, पण तो या तिन्हींमुळे नव्हे. पाकिटांवरच्या माहितीनुसार पहिला अल्बम जनावरांच्या खाद्याच्या गोदामात ध्वनिमुद्रित झाला होता. खेड्यातल्या नाचाला वाजवतात तसं फिडल आणि बँजो सुरू होतं आणि मध्येच अंत्ययात्रेतल्यासारखी पितळी वाद्यं शिरतात. दुसऱ्यात सरहद्दीपलीकडच्या मेक्सिकोचा अकॉर्डियन आहे आणि कापूस वेचणाऱ्यांच्या गाण्यांची चाल आहे. तिसऱ्यात चर्चमधलं समूहगान, त्याला विजेवरच्या गिटारची साथ, आणि ढोलवाला सरळ जॅझमधून उचलून आणलेला. दुकानदारांना हे कोणत्या फळीवर ठेवावं ते कळलं नसणार. कंट्री मागणाऱ्याला यात तुतारी नको होती आणि जॅझ मागणाऱ्याला फिडल. चौथ्या अल्बमपासून बँडने एक फळी निवडली आणि नाव झालं. कामापुरतं ऐकायला बसलो होतो. तिन्ही दोनदा ऐकल्या.

पाकिटांच्या मागे गाण्यांची यादी छापलेली होती आणि प्रत्येक गाण्यापुढे त्याची लांबी. त्या लांबीशेजारी पेन्सिलीने, इंग्रजी आकड्यांत, दुसरी लांबी लिहिलेली होती. छापलेलं तीन मिनिटं वीस सेकंद, पेन्सिलीने चार मिनिटं. छापलेलं चार मिनिटं दहा, पेन्सिलीने पाच मिनिटं. अक्षर अभियंत्याचं, नीटस.

थॉमसने ते आधी पाहिलं. "साब, टाइम अलग लिखा है."

"घड्याळ लावून मोजलं असेल. हौशी माणूस."

"इंजिनियर आदमी है साब. सब गाने में गलती करेगा?"

"छापलेलं बरोबर आहे. मी मोजलंय."

छापलेलं बरोबरच होतं. माझ्या टेबलावर तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांतच संपत होतं. वेगाच्या रकान्यात 'बरोबर' लिहिलं. पेन्सिलीच्या आकड्यांचं काय करायचं, हा प्रश्नच नव्हता. वार्ताहराची बेरीज चुकली की उपसंपादक जे करतो तेच केलं. शेऱ्यात लिहिलं, 'मालकाच्या नोंदी चुकीच्या, दुर्लक्ष करावे.'

धूळ काढली, करकर काढली, एका तबकडीला आलेला पोक काचेखाली दाबून सरळ केला. दुसऱ्या दिवशी मेघना पेनड्राइव्ह घेऊन गेली. इतकं स्वच्छ काम त्या महिन्यात दुसरं झालं नव्हतं.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

"काका, नाही हो. पहिल्या गाण्याला मान हलवली, मला वाटलं आलं, आलं. मग भिंतीकडं तोंड करून बसले. करकर काढली म्हणून असेल का?"

करकर ठेवून पुन्हा दिलं. पुन्हा तेच. या वेळी अबू खालिद यांनी डाव्या हाताने स्पीकर लोटून दिला होता. गुरुवारी संध्याकाळी फोनवर मेघनाचा आवाज पडलेला होता.

"रविवारी रिपोर्ट द्यायचाय. लिहून टाकते. काय करायलंय आता दुसरं? माझाच अंदाज चुकला."

तबकड्या परत द्यायच्याच होत्या. त्या हातोहात देतो, शुक्रवारी घरी येतो, असं मी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिसऱ्यांदा तेच काम करण्याआधी निदान एकदा जागा बघावी, असं वाटलं. इतके दिवस मी कार्यालयात बसून दुसऱ्याच्या घरातली बातमी दुरुस्त करत होतो.

शुक्रवारी सकाळी दहाला फिंतासच्या घरी पोचलो. मेघना आठवड्याची सुट्टी सोडून आलेली होती. दिवाणखान्यातच पलंग टाकलेला. अबू खालिद उंच, हाडापेराने मोठे, पांढरी दाढी नीट कोरलेली. डाव्या हाताने त्यांनी सलाम केला आणि 'को' म्हणाले. त्यांच्या पत्नीला सगळे उम खालिद म्हणतात. जुन्या पिढीतल्या पुष्कळ कुवेती बायकांसारखी त्यांना कामापुरती हिंदी येत होती, काही सिनेमातली, काही घरकामाच्या बायकांकडून आलेली. त्यांनी चहा पुढे केला आणि तबकड्यांकडे बघून तोंड वाकडं केलं.

"ये ऊंटवाला गाना फिर आ गया? इतना साल मैं बोला, बंद करो, बंद करो. अभी बंद हुआ तो डॉक्टर बोलता है चालू करो."

"तुम्हाला आवडत नाही?" मी विचारलं.

"एक आदमी रोता है, एक आदमी सोता है. ये गाना है?"

सोता है, हे कानाला खटकलं. त्या तबकड्यांवर झोपल्यासारखं एकही गाणं नव्हतं. तरी मी पुढे विचारलं ते दुसरंच: हे वाजवत कशावर होते?

तो प्लेअर पलंगाला जागा करण्यासाठी कोठीत हलवला होता. अमेरिकेत शिकत असताना खोलीतल्या सोबत्याकडून घेतलेला, लाकडी खोक्यातला, आणि बरोबर विटेएवढा एक ट्रान्सफॉर्मर. आतलं रबराचं चाक कडक होऊन भेगाळलेलं; तो आता फिरणार नव्हता. मागे पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर एकशे सतरा व्होल्ट लिहिलं होतं आणि त्याखाली, साठ सायकल.

इथे थोडक्यात सांगायला हवं. अमेरिकेची वीज आणि कुवेतची वीज यांत दोन फरक आहेत. एक दाबाचा, तो ट्रान्सफॉर्मर सांभाळतो. दुसरा कंपनांचा, तिकडे सेकंदाला साठ आणि इथे पन्नास. तो ट्रान्सफॉर्मर सांभाळत नाही. असल्या जुन्या प्लेअरची मोटर कंपनांच्या हिशेबाने फिरते. म्हणजे अमेरिकेत तेहतीस फेरे घेणारी तबकडी या घरात अठ्ठावीसही घेत नव्हती. पाच मिनिटांचं अंतर कापायला सहा. तीन मिनिटं वीस सेकंदांच्या गाण्याला बरोबर चार मिनिटं.

पेन्सिलीचा प्रत्येक आकडा अचूक होता.

उम खालिद दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, याच लोकांची नवी गाणी त्यांनी कधी ऐकली होती का? त्यांना आठवलं. मुलाने एकदा सीडी आणली होती. "ये सुना, हंसा. बोला, इनको क्या हुआ, सब बच्चा हो गया. फिर भाई को दे दिया."

लॅपटॉप बरोबर होता. फायलींचा वेग सहाला पाच या प्रमाणात उतरवायला मिनिटसुद्धा लागलं नाही. काळी चारच्या पट्टीतलं गाणं पांढरी चारला आलं. मी ते हेडफोनवर आधी ऐकलं. फिडल भारी झालं होतं, घशातून आल्यासारखं. तुतारी लांबून येत होती. बँजोची टणटण गेली होती आणि तो बराचसा ऊद या अरबी तंतुवाद्यासारखा वाजत होता. त्या बँडने जेवढ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या त्यांत कुवेतच्या विजेने आणखी एक घातली होती, आणि तिन्ही अल्बमांपलीकडचा हा चौथा मेळ जगात फक्त या दिवाणखान्यात वाजत होता. अबू खालिद यांना हे माहीत होतं की नाही, ते तेव्हा विचारता येण्यासारखं नव्हतं.

"मेघना, आता लाव."

"काय केलंत?"

"चुकीचं केलं. लाव."

पहिल्या अल्बममधलं दुसरं गाणं लागलं. मेघनाने त्यांचा डावा हात हातात घेतला. सुरुवातीचं फिडल झालं. अबू खालिद यांचं तोंड भिंतीकडे होतं, ते वळलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला ओठ हलले. धृपदाची ओळ आहे, तिचा अर्थ एवढाच की फाटक लावून घे, वारा सुटलाय. तिथे शेवटच्या शब्दावर गाणारा लांब थांबतो. त्या शब्दावर अबू खालिद त्याच्याबरोबर थांबले. आवाज फाटका होता, शब्द स्पष्ट. पुढच्या वेळी मेघनाने स्पीकरचा आवाज हळूहळू कमी केला, मग बंद केला. ते एकटे ओळीच्या टोकापर्यंत गेले.

मेघना डोळे पुसत म्हणाली, "काका, तुम्ही हे पहिल्या दिवशी केलं असतं तर?"

थॉमसने आकडे दाखवले होते, हे मी तिला सांगितलं. राईला परत आल्यावर थॉमसलाही सांगितलं. तो म्हणाला, "कोई बात नहीं साब. छापा हुआ तो बराबर था ना." हे तो अजून म्हणतो, महिन्यातून दोनदा तरी.

रविवारी रिपोर्ट गेला आणि आणखी एक महिना मिळाला. पण गाणं म्हणजे बोलणं नव्हे. त्या महिन्यात अबू खालिद सहा गाणी गायले, इंग्रजी शब्दांसकट. गाणं संपलं की पुन्हा 'को'. एका परक्या देशातल्या माणसांचं फाटक आणि वारा त्यांच्या तोंडून येत होता. घरातल्या एकाही गोष्टीचं नाव येत नव्हतं. उम खालिद यांना ते जास्त लागलं. मेघनाजवळ त्या म्हणाल्या, "रेकॉर्डवालों से बात करता है. मेरे से नहीं करता." महिना संपत आला तसा मेघनापुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. स्वतःचा एकतरी शब्द यायला हवा होता.

तिने शेवटचा उपाय म्हणून उम खालिद यांनाच गायला बसवलं. घरातलं माणूस रोज बरोबर गायलं तर फरक पडतो, असं तिचं म्हणणं. उम खालिद यांना इंग्रजी येत नव्हतं आणि गाणं आवडत नव्हतं. तरी त्या बसल्या. ध्वनी तेवढे पाठ केले. मी त्या शुक्रवारी राहिलेल्या दोन गाण्यांच्या फायली द्यायला गेलो होतो, म्हणून समोर होतो.

त्यांनी नवऱ्याचा डावा हात मांडीवर घेतला, मेघनाने शिकवल्याप्रमाणे ठोका धरला, आणि फाटकाची ओळ म्हटली. शब्द ओबडधोबड होते, पण होते. शेवटचा शब्द मात्र त्यांनी लांबवला नाही. काम उरकावं तसा तोडून टाकला.

अबू खालिद यांनी हात सोडवून घेतला.

"मू चिधी," ते म्हणाले.

असं नव्हे. कुवेती घरातली रोजची अरबी, कुठल्याच गाण्यात नसलेली. मेघना जागची हलली नाही. अबू खालिद यांनाही आपण काय केलं ते उशिरा कळलं असावं; त्यांनी स्वतःच्या ओठांना बोट लावून पाहिलं.

उम खालिद आधी नवऱ्याकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिल्या.

"देखा? तीन महीना चुप. और बोला तो क्या बोला? मेरी गलती निकाला!"

मेघना हसत हसत वही उघडून ते दोन शब्द लिहायला लागली. उम खालिद यांनी नवऱ्याचा हात पुन्हा मांडीवर घेतला, डोक्यावरचा शेला सारखा केला, आणि ती ओळ पहिल्यापासून म्हटली. शेवटच्या शब्दाशी आल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि तो शब्द मुद्दाम तसाच तोडला.